वन बीएचके, दीड वर्षाचं बाळ आणि सोल्डरिंग: घरात मांडणी कशी करू?

मुग्धा_ठाकुर्ली:

नमस्कार मंडळी. माझी मोठी मुलगी सातवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने पाऊस सुरू झाला की बझर वाजेल असं सर्किट ब्रेडबोर्डवर जुळवलंय. एक बीसी 547 ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर, बझर आणि 9 व्होल्टची बॅटरी, एवढंच. घरी छान वाजतं, पण दप्तरातून शाळेत नेलं की वायरी निसटतात. सरांनी सांगितलं, झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकं असलेल्या कोऱ्या बोर्डावर, सोल्डर करून (वितळलेल्या कथिलाने जोडून) आण. आता ती हटूनच बसली आहे की सोल्डरिंग मीच करणार, दुकानात द्यायचं नाही. मलाही तिचं म्हणणं पटतंय आणि शिकायची इच्छा माझीसुद्धा आहे.

अडचण घराची आहे. धाकटा दीड वर्षाचा, जमिनीवर जे दिसेल ते तोंडात घालतो. टेबल एकच, तेही जेवणाचं. म्हणून ओट्यावर करावं असं मनात होतं, तिथे एक्झॉस्ट फॅन आहे. शेजारचे काका म्हणतात धुरात शिसं असतं, मास्क लावल्याशिवाय बसू नका. सोल्डरिंगचं आयर्न किती वॅटचं घ्यावं? शिशाचं किती मनावर घ्यायचं? आणि आमची इमारत जुनी आहे, सॉकेट तीन पिनांचे दिसतात, पण आत अर्थिंग खरोखर आहे का, कोणाला सांगता येत नाही. कृपया नीट सविस्तर सांगा.

वैशाली_भोसरी:

मुग्धाताई, ओट्यावर मात्र अजिबात नको. बाकी सगळं जमेल.

मी भोसरी एमआयडीसीत हँड सोल्डरिंगच्या लाइनवर बरीच वर्षं काढली, नंतर तपासणीच्या टेबलावर होते, आता घरी बोर्ड दुरुस्तीला घेते. नव्या मुली लाइनवर आल्या की सगळ्यांना भीती चटक्याची. चटक्याची काळजी घ्यायचीच, पण तो दुखतो, त्यामुळे माणूस आपसूक सांभाळतो. शिसं हाताला लागलेलं कळत नाही आणि अर्थिंग नसलेलंही कळत नाही. घरात जास्त लक्ष या दोन गोष्टींवर हवं.

आधी शिसं. बाजारात मिळणारी सोल्डरची नेहमीची वायर 60/40 असते, म्हणजे 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं. ती साधारण 183 ते 190 अंशांना वितळते. आयर्नचं टोक 350 अंशांच्या आसपास असतं आणि शिसं उकळायला 1700 अंशांच्याही वर जावं लागतं. म्हणून काकांना सांगा, तो पांढरा धूर शिशाचा नाही. वायरीच्या पोकळीत राळ भरलेली असते, तिचा तो धूर. तो निरुपद्रवी आहे असं मात्र नाही. राळेच्या धुराने खोकला येतो आणि रोज श्वासात गेला तर दमा जडू शकतो. कापडी मास्कने तो अडत नाही, वाऱ्याची दिशा बदलली की अडतो. खिडकीशी बसा आणि छोटा टेबलफॅन असा ठेवा की तो धूर तुमच्या तोंडापासून खिडकीकडे ओढून नेईल. छताचा पंखा बंद. तो धूर खोलीभर फिरवतो आणि जॉइंटही (सोल्डरचा जोड) थंड करतो. आणखी एक, सगळ्या नवशिक्या नेमक्या धुराच्या बरोबर वर मान वाकवतात. मुलीला थोडं बाजूने बघायची सवय लावा.

शिसं पोटात जातं ते हातावाटे. 60/40 वायर थोडा वेळ बोटात धरलीत तर बोटांच्या पेरांवर करडा डाग दिसेल, पेन्सिलीचा असतो तसा. त्याच हाताने पोळी खाल्ली, बाळाला घेतलं, की गेलं. आणि काम करताना मोहरीएवढे गोळे उडतात, ते जमिनीवर घरंगळतात. तुमचा धाकटा ते नक्की शोधून काढेल. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून तुमच्या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे: शिसं नसलेली वायर घ्या. 99.3 टक्के कथील आणि 0.7 टक्के तांबं असलेली मिळते. ती 227 अंशांना वितळते, म्हणजे प्रत्येक जॉइंटला किंचित जास्त वेळ द्यावा लागतो आणि जॉइंट चांगला असला तरी आरशासारखा चमकत नाही. युरोपात 1 जुलै 2006 पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंधन आलं, तेव्हापासून एक्सपोर्टच्या बोर्डांना अशीच वायर वापरतात. आमच्याकडे त्या कामाच्या बिटसुद्धा (आयर्नची सुटी टोकं) वेगळ्या ठेवायचे, 60/40 ला लागलेली बिट तिकडे न्यायची नाही. तुम्हीही आयर्न नवीन घेताय तर पहिल्यापासून एकच वायर ठेवा. वायर कोणतीही असली तरी राळेचा धूर असतोच, त्यामुळे खिडकी आणि पंखा सुटत नाही.

जागा. घरात जुना लाकडी पाट असेल तर तो मोठ्या काठाच्या ट्रेमध्ये किंवा परातीत ठेवा. ही परात पुन्हा स्वयंपाकात घ्यायची नाही. पाटावर काम, उडालेलं सगळं काठाच्या आत. जेवणाच्या टेबलावर हा संच मांडला तरी चालेल, फक्त खाली वर्तमानपत्र घाला आणि ते नंतर गुंडाळून टाका. काम झालं की ओल्या कागदाने पुसायचं. केरसुणीने झाडायचं नाही, बारीक कण हवेत उडतात. मग साबणाने हात, आणि त्यानंतरच बाळाला घ्यायचं. काम चालू असताना चहाचा कप त्या टेबलावर नको.

आयर्न 25 वॅटचं साधं, तीन पिनांच्या प्लगचं घ्या. सोल्ड्रॉन वगैरे कंपन्यांची आपल्याकडे वर्षानुवर्षं चालतात, दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात टेबलावर दिसतील, बिटही सुट्या मिळतात. तापमान बदलायचं चाक असलेली स्वस्त आयर्न हल्ली खूप येतात, पण त्यांतली बरीच दोन पिनांची असतात, अर्थ जोडलेलाच नसतो. बिट फार टोकदार घेऊ नका. सुईसारखं टोक बघायला नाजूक, पण पॅडला (बोर्डावरच्या भोकाभोवतीचं तांब्याचं वर्तुळ) टेकतं फारच थोडं, उष्णता पोचत नाही. दोन-अडीच मिलिमीटरची चपट्या तोंडाची बिट शिकायला उत्तम. स्प्रिंगचा स्टँड जड बुडाचा घ्या. आयर्नबरोबर पत्र्याची पातळ घडी येते, तिच्यावरून ते कलंडतं.

घरी आणल्यावर प्लग सॉकेटमध्ये घालायच्या आधी मल्टिमीटरने तपासा. प्लगची वरची जाड (अर्थची) पिन आणि बिट यांच्यात जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. खालच्या दोन पिनांमध्ये 25 वॅटला 2100 ओहमच्या आसपास. यातली कोणतीही बारीक पिन आणि बिट यांच्यात काहीच जोडणी दिसता कामा नये. यातलं एक जरी चुकलं तरी दुकानदाराला परत.

आता बिट, कारण अर्धं सोल्डरिंग तिथेच जिंकतात किंवा हरतात. नवी बिट तापत असतानाच तिच्या टोकाला वायर टेकवून ठेवा. आधी राळ वितळून तपकिरी थेंब येईल, मग एका क्षणी कथील वितळून टोकावर चंदेरी पसरेल. सगळ्या बाजूंनी फिरवून घ्या. बिट उघडी तापू दिली की काळी पडते, आणि काळ्या बिटवर सोल्डर मोत्यासारखं गोळा होऊन खाली पडतं, चिकटत नाही. मग लोक जोर लावतात, बोर्डावर घासतात, पॅड उपटतात. स्पंज ओला करून घट्ट पिळायचा, पाणी गळता कामा नये. जॉइंट करायच्या आधी बिट पुसायची. स्टँडवर ठेवताना पुसायची नाही, उलट थोडं सोल्डर लावून ठेवायचं. बंद करतानासुद्धा तसंच. आणि कानस किंवा पॉलिश पेपर बिटला लावायचा नाही. आजच्या बिट तांब्याच्या असल्या तरी वरून लोखंडाचा पातळ मुलामा असतो, तो गेला की आतलं तांबं कथिलात विरघळत जातं आणि टोकाला खड्डा पडतो.

जॉइंट असा. बीसी 547 चे पाय पॅडमधून खाली आलेत. बिटचं चपटं तोंड पॅड आणि पाय दोघांनाही एकाच वेळी टेकलं पाहिजे. शिसं नसलेल्या वायरीला मनात दोनपर्यंत मोजा. मग वायर बिटला नाही, तिच्या समोरच्या बाजूने पायाला लावा. दोन्ही पुरेसे तापले असतील तर सोल्डर स्वतःच धावतं, पायाभोवती फिरून पॅडच्या कडेपर्यंत जातं. ते धावताना एकदा दिसलं की मुलीला आयुष्यभर पुन्हा सांगावं लागणार नाही. आधी वायर काढायची, मग आयर्न. नंतर क्षणभर बोर्ड हलवायचा नाही आणि फुंकरही मारायची नाही. चांगला जॉइंट खाली पसरट, वर निमुळता, कडा आत वळलेल्या. गोल बोंडासारखा फुगलेला असेल तर सोल्डर फक्त वर बसलंय, खाली धरलेलं नाही. दुरुस्तीवाले ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात तो पुढे असाच निघतो: पायाभोवती बारीक काळी रेघ, हलवलं की चालतं, ठेवलं की बंद.

हार्डवेअरच्या दुकानात डबीत जी पेस्ट मिळते, ती विचारून घ्या. नळकामाची आणि पत्र्याची पेस्ट आम्लाची असते. कल्हईला नवसागर लागतो, म्हणून तोही इथे चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. भांडं नंतर धुतलं जातं, बोर्डावर तो राहतो आणि पाय गंजवतो. वायरीतली राळ तुमच्या कामाला पुरते.

सदाशिव_वायरमन_सातारा:

वैशालीताईंनी सोल्डरिंगचं सगळं नेमकं सांगितलंय. मी विजेपुरतं बोलतो.

मुग्धाताई, सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे मागे अर्थची वायर आहे असं नाही. जुन्या इमारतीत ते भोक नुसतं रिकामं असतं, किंवा कुणीतरी न्यूट्रलला जोडून ठेवलेलं असतं, आणि ते जास्त वाईट. टेस्टरने अर्थिंग कळत नाही, टेस्टर फक्त फेज दाखवतो. म्हणून स्वतः काही खटपट करू नका, परवानाधारक वायरमनला एकदा बोलवा. त्याला दोन गोष्टी विचारा: या सॉकेटचा अर्थ मीटरखोलीपर्यंत पोचतो का, आणि घराच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे का. नसेल तर बसवून घ्या. ती फक्त आयर्नसाठी नाही, गिझर आणि वॉशिंग मशीनसाठीही तुमच्या घरात हवीच. बसवल्यावर तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा, खटकन पडली पाहिजे.

दुसरं, लाइट जाण्याचं. आयर्न चालू आहे, लाइट गेली, तुम्ही उठून दुसऱ्या कामाला लागलात आणि घराबाहेर पडलात, की तासाभराने लाइट येते आणि आयर्न एकटं तापत बसतं. म्हणून लाइट गेली की पहिलं काम: भिंतीवरचं बटण बंद आणि प्लग बाहेर. आयर्नला स्वतःचं बटण बहुधा नसतं. दिवा असलेलं बटण त्या सॉकेटला बसवलंत तर लांबूनही दिसतं.

तिसरं, वायर. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका आणि आयर्नची वायर टेबलाच्या कडेवरून लोंबू देऊ नका. दीड वर्षाचं मूल पहिलं तेच ओढतं. वायर टेबलाच्या मागच्या बाजूने न्या. प्लास्टिकची वायर गरम बिटला लागली की क्षणात वितळते आणि आतली तांब्याची तार उघडी पडते. तसं झालं तर चिकटपट्टी लावून चालवायचं नाही, पूर्ण वायर बदलायची. आणि बंद केल्यावरही ते बराच वेळ भाजण्याइतकं गरम असतं. स्टँडसकट उंच फळीवर, पडद्यापासून लांब ठेवून द्या. पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात.

गीता_प्रयोगशाळा_नाशिक:

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, म्हणजे हाताने वस्तू बनवून शिकायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. तुमच्या मुलीच्या शाळेत किंवा जवळपासच्या शाळेत असेल तर पहिला धडा तिथे घ्या, असं सुचवेन.

मुलांबरोबर बसताना जे मी कधीच सोडत नाही ते सांगते. चष्मा. नंबरचा नसेल तर साधा प्लास्टिकचा संरक्षक गॉगल. सोल्डर उडण्यापेक्षा जास्त धोका पाय कापताना असतो: कटरने कट केलं की तारेचा तुकडा गोळीसारखा सुटतो. कापताना दुसऱ्या हाताच्या बोटाने त्या पायाचं टोक धरून ठेवायचं, किंवा बोर्ड परातीत खाली तोंड करून कापायचं. केस मागे घट्ट बांधलेले, ओढणी नाही, सुती कपडे. नायलॉनवर थेंब पडला तर कापड वितळून कातडीला चिकटतं. पायात चप्पल हवी, अनवाणी नको.

आणि आयर्न हातातून निसटलं तर ते झेलायचं नाही. हे नुसतं सांगून पुरत नाही, कारण हात आपोआप पुढे जातो. मी मुलांना थंड आयर्न देऊन मुद्दाम पाडायला लावते आणि हात मागे घ्यायचा सराव करून घेते. ऐकायला विचित्र वाटेल, पण तुम्ही दोघी एकदा करून बघाच. त्यानंतर रिकाम्या झिरो पीसीबीवर उरलेल्या तारांचे तुकडे लावून एक ओळ भरून जॉइंट करू द्या. ट्रान्झिस्टरला तोपर्यंत हात नाही.

मुग्धा_ठाकुर्ली:

तिघांचेही मनापासून आभार. ओटा रद्द, गॅलरीच्या दाराशी जागा ठरवली. वायरमनना निरोप दिलाय. अजून तीन शंका. भाजलं तर सासूबाई टूथपेस्ट लावतात, ते चालेल का? मुलगी म्हणते सोल्डरिंग आलं की घरातले बंद पडलेले एलईडी बल्ब आणि मच्छरची बॅटही दुरुस्त करू, करू द्यावं का? आणि सामान कुठे मिळेल?

वैशाली_भोसरी:

टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ, काहीही नको. लगेच नळाखाली, साध्या थंड पाण्याच्या धारेत 20 मिनिटं. अंगठी, बांगडी सूज यायच्या आत काढायची. फोड आला तर फोडायचा नाही. डोळ्याजवळ किंवा मोठ्या भागावर असेल तर पाणी लावून थेट डॉक्टर. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळी वाद नको.

बल्ब आणि बॅट: आत्ता नाही, अगदी ठाम नाही. तिचं पावसाचं सर्किट 9 व्होल्टचं आहे, बॅटरी काढून सोल्डर करायचं, त्यात तिला शॉक बसूच शकत नाही. म्हणून शिकायला ते उत्तम. एलईडी बल्ब तेवढाच लहान दिसतो, पण स्वस्त बल्बमध्ये घरची मेन लाइन आणि एलईडी यांच्यात ट्रान्सफॉर्मरची आडकाठी बहुधा नसते. झाकण काढून बल्ब लावून बघितलात तर ती अख्खी पट्टी 230 व्होल्टच्या लाइनला जोडलेली असते, कुठेही बोट लागलं तरी झटका. शिवाय आतला कपॅसिटर 300 व्होल्टच्या वर चार्ज होतो आणि बल्ब काढल्यावरही काही वेळ तसा राहू शकतो. आणि त्या एलईडी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर असतात. पत्रा सगळी उष्णता खाऊन टाकतो, 25 वॅटच्या आयर्नने सोल्डर वितळतच नाही. मुलं मग चिडून दाबतात. मच्छरच्या बॅटमध्ये तर जाळीवर हजार व्होल्टच्या पुढे जातं, बटण सोडल्यावरही कपॅसिटर भरलेला असू शकतो. ही कामं मोठ्या माणसाने, सिरीज बल्ब लावून (जास्त प्रवाह जाऊ नये म्हणून लाइनमध्ये जोडलेला बल्ब), कपॅसिटर रिकामा करूनच करायची असतात. तिला हवंच असेल तर पुढचं काम म्हणून एफएम रेडिओचं किट द्या, बॅटरीवरचं. खेळण्यातल्या मोटारीची तुटलेली वायर, टॉर्चची वायर, हेही चालेल. मोबाइलच्या किंवा पॉवरबँकच्या सेलला मात्र थेट आयर्न टेकवायचं नाही, लिथियमचा सेल तापला की पेट घेऊ शकतो.

सामानाला लॅमिंग्टन रोड. ठाकुर्लीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, तिथून चालत. रविवार टाळा. यादी: 25 वॅट आयर्न, जादा एक बिट, जड स्टँड, शिसं नसलेली 0.8 मिलिमीटरची वायर, कटर, सोल्डर ओढायचा सकर, दोन झिरो पीसीबी, साधा मल्टिमीटर, आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली. वायर जाड घेऊ नका, 1.2 ची घेतली की नवशिकीच्या हातून गोळे होतात. कटर स्वस्तातला घेऊ नका, बाकी सगळ्यात काटकसर चालते.

बीसी 547 लावताना: चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. त्याला बोर्डाला अगदी चिकटवू नका, थोडा वर ठेवा. एका पायाचा जॉइंट झाला की पुढचा पाय लगेच नको, जरा निवू द्या. बझरला अधिक-उणे असतं, उलटा लागला तर सगळं बरोबर असूनही वाजणार नाही.

आणि पाऊस ओळखायची जागा तिने त्याच बोर्डावर दोन समांतर रेघांनी केली असेल, तर त्या दोन्ही रेघांवर सोल्डरचा पातळ थर देऊन घ्या, उघडं तांबं पाण्याने हिरवं पडतं. शेवटी अल्कोहोलमध्ये जुना टूथब्रश बुडवून रेघांमधली जागा घासून काढा. हे करताना आयर्नचा प्लग बाहेर आणि ते दुसऱ्या टोकाला ठेवलेलं हवं, कारण अल्कोहोल पेटतं. रेघांमध्ये पेस्ट किंवा घाण राहिली तर दमट हवेतही बझर वाजत राहील, आणि प्रदर्शनाच्या दिवशी तिला वाटेल ट्रान्झिस्टर गेला. जॉइंट झाले की खालच्या बाजूचा जवळून फोटो इथे टाका, मी एकेक बघून सांगते.